पाटीवरचा मजकूर

ऑफिसनं कळवलंय, पाटी नवी हवी.
जुनीची अक्षरं थंडीनं खाल्ली,
आणि खालचा कोपरा कुण्या मूसनं, अंग खाजलं म्हणून.
दोनशे शब्द, म्हणाले. पाहुण्यांना रुचतील असे.

मी विर्वे. या दलदलीच्या दाराशी
चोवीस वर्षं चावी सांभाळते.
दाराला कुलूप नाही. ते वेगळं.

तर लिहिते:
फळ्यांची वाट, साडेतीन किलोमीटर, फिरून इथंच येते.
ओल्या फळीवर पाय साबणावर पडल्यासारखा सटकतो.
दवबिंदूचं रोप पाहायला गुडघे टेकावे लागतात
आणि गुडघे भिजतात, त्याला इलाज नाही.
ते डास खातं.
सगळे नाही खात,
हेही सांगून टाकावं का?

मधल्या तळ्यात पोहता येतं.
पाणी कोऱ्या चहाचं, दोनदा उकळलेल्या;
आत बुडवलेला हात तांब्याचा होतो.
तळ कुठाय, असं लहानपणी लेडा आत्याला विचारलं होतं.
ती म्हणाली, आहे गं, पण त्याला घाई नाही.
हे ऑफिस छापणार नाही.

एप्रिलात नदी घरी येते.
हिवाळा उठून गेलेला, वसंत अजून वाटेत,
मधल्या रिकाम्या दिवसांना आम्ही पाचवा ऋतू म्हणतो.
पोस्टमन काल्यु होडी थेट ओसरीला लावतो:
पाव, पेन्शन, मांजरीचं औषध.
एका साली आमचं सरपण वाहत शेजाऱ्याकडे गेलं.
त्यानं मोजून परत केलं, दोन ओंडके कमी.
दोघंही अजून त्या दोन ओंडक्यांवर बोलतात.

सप्टेंबरात क्रौंच जमतात.
मनोऱ्यावर उजाडायच्या आत चढा.
बोलायचंच असेल
तर ते बोलायला लागण्याआधी संपवा.

आणि नकाशावरची ती सरळ रेघ.
दलदलीत सरळ काही नसतं, म्हणून ती डोळ्यात खुपते.
तो चर माझ्या वडिलांनी खणला,
त्र्याहत्तर साली, कोल्खोझच्या यंत्रानं, तीन उन्हाळे.
पाणी काढू, गवत पेरू, गाई येतील.
गाई आल्या नाहीत.
वाळलेल्या पीटवर भूर्ज उगवले, खुरटे, चिडके,
आणि एका वर्षी जमिनीच्या पोटातून
महिनाभर धूर येत राहिला, जाळ कुठेच नाही.
फोटोत वडील यंत्रावर उभे आहेत.
छातीवर पदक. हसताहेत.
किती हसताहेत.

गेल्या मंगळवारी चराला बांध घालायला घेतले.
शहरातली पोरं आली होती, नव्या बुटांत,
लाकूड, पीट, वर शेवाळाची गादी.
हेल्दुर, वय ब्याऐंशी, माझे वडील,
न बोलावता आले
आणि टोपी मांडीवर घेऊन फळीच्या टोकाला बसले.
त्यांना कुणी काही विचारलं नाही.
मीही नाही. काय विचारणार होते?

चौथ्या बांधाशी पाणी कडेकडेनं निसटू लागलं.
पोरं पीट ओतत राहिली, पाणी जात राहिलं.
तेव्हा ते उठले, दोन्ही गुडघ्यांना हात लावून.
म्हणाले, इथं नाही, चार पावलं वर घ्या.
इथं खाली वाळू आहे.
तुम्हाला कसं ठाऊक, एकानं विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
वर जाऊन, कणीक मळावी तसा
हातांनीच चिखल दाबायला लागले.
संध्याकाळी घरी मी त्यांच्या नखांतला चिखल काढायला बसले.
म्हणाले, राहू दे.

पाटीवर लिहिलंय: बांध क्रमांक चार.
इथं थांबलेलं पाणी पाहता येईल.
कुणी थांबवलं, कुणी आधी सोडलं,
त्याला जागा नाही.

मोजले. एकशे एक्क्याण्णव. नऊ शब्द शिल्लक.
बराच वेळ पेन्सिल चावली,
मग शेवटी हे घातलं:
मोज्यांचा एक जोड जास्त आणा. कुणाला तरी लागतोच नेहमी.