भाला, नग एकोणीस

उद्यमनगरात भाले किलोवर मिळतात.
बिडाचे. पोत्यात, टोकं एकमेकांत अडकलेली.
"पानाचा देऊ का साधा?" दुकानदार विचारतो.
साधाच दे म्हणतो मी, गिऱ्हाईक राजारामपुरीचं,
गेट आठ फुटी,
वर एकोणीस.

आडनाव शिकलगार.
म्हणजे धार लावणारे. आजोबांची सहाण
अजून वर्कशॉपच्या दाराला अडसर म्हणून आहे.
ते सांगायचे, भाला हातात राहतो,
बरची हातातून जाते,
आणि विट्याला दोरी असते मनगटाला बांधलेली,
गेला तरी परत येतो.
माझ्या वहीत एकच शब्द:
भाला, नग १९.

मिस्बा शिवाजी स्टेडियमवर भालाफेक शिकते.
मी "भाला मारते" म्हटलं की चिडते.
मारायचा नसतो अब्बा, फेकायचा.
सहाशे ग्रॅम. टोक आधी टेकलं पाहिजे,
नाहीतर फाऊल.
वर गेलेला भाला क्षणभर आडवा होतो,
कुणाचाच नसतो,
मग गवतात उभा, थरथरत.
ती चालत जाते, उपटते, चालत येते.
या खेळात एवढं चालणं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा राजारामपुरीतून फोन.
शेजारचं पोर पेरू काढायला गेटावर चढलं,
मांडीत गेला. सात टाके.
बाई म्हणाल्या, "टोकं तेवढी घालवा हो,
भाले राहू देत. शोभा आहे त्याला."

शिडीवर मी, हातात ग्राइंडर.
ठिणग्या बाहीवर, चपलेवर, बाईंच्या तुळशीवर.
खाली तेच पोर, पायाला पट्टी,
हातात पेरू.
"काका, आता याला काय म्हणायचं?"
सतराव्यावर होतो. आवाजात ऐकू आलं नाही
असं दाखवलं.

एकोणीस झाल्यावर एकेकावरून अंगठा फिरवला,
धार बघतात तसा, आडवा.
घरची सवय.
कुठं लागत नाही ना, एवढंच बघायचं होतं.

बिलावर काय लिहावं सुचेना.
लिहिलं: धार काढणे, नग १९.
मिस्बानं वाचलं आणि हसत सुटली,
"गंगावेशीत म्हशी घेऊन बसलात का अब्बा?"
मीही हसलो.
खोडलं नाही.