दम खाऊ दे

सत्त्याऐंशीची व्होल्वो, दोनशे चाळीस.
रंग मुळात निळा. आता बॉनेट एका जातीचं, दारं दुसऱ्या.
साडेतीन लाख किलोमीटर, असं मीटर म्हणतं,
आणि मीटर बंद पडून सात वर्षं झाली.
चढावर तिला धाप लागते.
लाकडाचे ट्रक मागून येतात,
दिवा मारतात, पुढे निघून जातात.

टर्बो सिक्स्टेनने आणला.
लिक्सेलेच्या भंगारात सापडलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, बाजारातून मासा आणावा तसा.
टेबलावर ठेवला, कागद सोडला :
लोखंडी गोगलगाय, पोटात पंखा.
अंगठ्यानं पातं फिरवून त्यानं कानाशी धरली,
मग माझ्या कानाशी.
आईचं रान विकलं त्याला चार हिवाळे झाले.
चार हिवाळ्यांत
हे त्याचं माझ्या सगळ्यात जवळ येणं.

बाहेर उणे एकोणीस.
आत एक हीटर, दोन माणसं
आणि बोलायला फक्त पाने.
तेरा नंबर. बारा. नाही, लांब दांड्याचा.
गंजलेले नट तापवून लाल केले तेव्हा सुटले,
एक सुटलाच नाही, तुटला,
त्याच्यात अख्खा रविवार गेला.
शिवी दोघांनी एकदम दिली, तीच,
अण्णांची.

तेल वरून जाईल, पण परत यायला वाट हवी.
ब्लॉकला भोक पाडायचं होतं.
ड्रिलच्या टोकाला त्यानं ग्रीस चोपडलं,
म्हणजे कीस त्यालाच चिकटेल,
इंजिनाच्या पोटात जाणार नाही.
मी दिवा धरला होता.
हात माझा हलत होता, त्याचा नाही.

"किती दाब ठेवायचा?" मी विचारलं.
"अर्धा बार. त्याच्यावर नाही.
याचे रॉड बारीक आहेत.
म्हाताऱ्याला दम भरावा,
दम देऊ नये."
एवढं लांब वाक्य तो खटल्यातही बोलला नव्हता.

एक सांगायचं राहिलं :
हा पंखा फिरतो तो धुराड्यानं टाकलेल्या वाफाऱ्यावर.
जे बाहेर फेकायचं होतं त्याच्याच जोरावर
ताजी हवा आत.
मला हे पटायला वेळ लागला. कागदावर काढून दाखवलं त्यानं,
ग्रीसच्या बोटानं, वीजबिलाच्या पाठीवर.

गुरुवारी काढली.
तळ्याकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती.
पाय दाबला, काहीच नाही.
"दम धर," तो म्हणाला.
एक. दोन.
मग कुठूनतरी बारीक शीळ,
आणि पाठ सीटला टेकली.
रेनडिअरच्या पाटीपासचा तो चढ,
जिथे ती दर वेळी दुसऱ्यावर यायची,
चौथ्यावर गेला.
सिक्स्टेन हसला असावा. मफलर होता, दिसलं नाही.
एक लाकडाचा ट्रक आम्ही मागे टाकला,
त्याला दिवा मात्र मारला नाही.

परत दारात आलो. मी चावीला हात घातला.
त्यानं मनगट धरलं.
"लगेच बंद नको करूस.
आत लाल झालाय तो. तेल थांबलं
तर जागच्या जागी जळून कोळसा होईल.
दम खाऊ दे. एक मिनिट."

इंजिन कुरकुरत होतं.
काचेवर वाफ. समोर गॅरेजचं दार, त्याचा हॅंडल, फावडं.
घड्याळ गाडीला नाही.
"डोंगराकडची पाइनची रांग," तो समोर बघत म्हणाला,
"अजून तोडली नाही त्यांनी."
"माहितेय," मी म्हटलं. "शनिवारी जातो मी बघायला."
"शनिवारी."
"हं."
"मी रविवारी जातो."

मिनिट कधीच होऊन गेलं असणार.
पेट्रोल जळत राहिलं.

मग त्यानं दार उघडलं, वाकून खाली पाहिलं,
बर्फावर काळा थेंब, त्याच्या शेजारी दुसरा.
"जोड गळतोय," तो म्हणाला,
आणि टोपी खाली ओढत,
"उद्या यावं लागेल मला."