डाग

मिरजेत, बादशहा शिकलगारच्या टेबलावर
माझा बास ॲम्प उताणा, स्क्रू बशीत.

"आवाज येतोय ना?"
येतोय.
"मग दिव्यावाचून काय अडलं?"

कसं सांगू त्याला,
तीन रविवार चर्चमध्ये वाजवताना
मान आपोआप मागं वळते,
काळा ठिपका दिसतो
आणि बोटं बिचकतात.

फ्यूज शाबूत.
मीटरची टोकं टेकवत तो पुटपुटतो,
"इथवर येतंय... इथवरही येतंय..."
मग काडेपेटीतल्या काडीनं
दिव्याचा पाय जरा ढोसतो.
लाल. गेला. लाल.
"डाग सुटलाय."

कपड्यावरचा सुटला तर आई खूश,
हा सुटला की अंधार.

कथील वितळतं, राळेचा धूर
वर टांगलेल्या भोपळ्यांभोवती फिरतो.
चुलत्याचे तंबोरे व्हायचेत अजून.
"ह्यांना कुठं दिवा असतो," तो म्हणतो,
"जवारी लागली की कानाला कळतं."
फुंकर मारून झाकण लावतो. वीस रुपये.

रविवारी दिवा लागला, ठणठणीत.
पहिल्याच गीतात मी स्वर चुकलो.
पेटी वाजवता वाजवता रूबेनकाकांनी
चष्म्यावरून पाहिलं.
दिवा आपला लालच.