गोटी

राजारामपुरीतल्या दवाखान्यात
पोटाला पाच भोकं पाडली
आणि दुखतोय खांदा.
उजवा.

सिस्टरला म्हटलं, बाई, काहीतरी गफलत झालीय,
मी पोटाचा पेशंट,
खांद्याचा शेजारच्या कॉटवरचा असंल.
ती हसली. गडहिंग्लजची आहे,
हसताना तिचे हात थांबत नाहीत.

मला वाटलं, क्रेट.
तीस वर्षं याच खांद्यावरून
चोवीस बाटल्यांचा लाकडी क्रेट
मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत.
मी एकशेअडतीस किलो, वर तो.
आता वजन उतरवायला आलो
तर त्यानं आधी जुना हिशोब काढला.

भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या,
स्टूल ओढून बसल्या.
आत बघायला जागा लागते, गुलाबभाई,
म्हणून गॅसनं पोट फुगवतो.
कसला गॅस, म्हटलं.
त्यांनी नाव सांगितलं
आणि मी हसायला गेलो, तर टाक्यांनी धरून ठेवलं.
अहो, तो सिलिंडर माझ्या दुकानात
कोपऱ्यात साखळीनं बांधून ठेवलेला असतो.
त्याच्यावर दोन पोरींची लग्नं झालीत.

दाब कमीच ठेवला होता, म्हणाल्या.
शेवटी तुमच्या छातीत सावकाश श्वास भरून धरला,
खालचा गॅस दाबून बाहेर घालवला.
तरी थोडा राहतोच, पडद्याखाली, चिकटून.
पडद्याची आणि खांद्याची नस
मानेतल्या एकाच घरातनं निघतात.
चिमटा खाली बसतो, ओरड वरनं येते.

हे मात्र लगेच पटलं.
शमशादच्या माहेरी काही बिनसलं
की भांडी आमच्या घरात आपटतात.

रात्री आडवं पडलं की खांद्यात खिळा.
पाठीशी तीन उश्या लावून बसलो,
शमशादनं गरम पाण्याची पिशवी
आपल्या ओढणीत गुंडाळून खांद्यावर ठेवली.
गोळी होती वेळेवर. पण सिस्टरचं औषध एकच:
चाला.
दोन वाजता चाला, चार वाजता चाला,
गॅसला बसू देऊ नका, तुम्हीपण बसू नका.

सलाईनचा दांडा हातात, मागनं उघडा झगा,
कॉरिडॉरच्या एकेचाळीस फरशा जायच्या, एकेचाळीस यायच्या.
खांद्यावर काही नसताना चालायची सवयच नव्हती,
हात कुठं ठेवायचा कळेना.
शमशाद माझ्याबरोबर चालली.
निकाहानंतर आम्ही दोघं असे
कुठंही पोचायचं नसताना
कधी चाललो होतो?
रंकाळ्यावरसुद्धा मी गाडीमागं, ती गल्ल्यावर.
खिडकीशी थांबून ती मला टोपणभर पाणी द्यायची.
टोपणभर. मोजून. मी घोट जिभेवर धरून उभा.

मनात येई, कुणीतरी लाकडी टोपण घ्यावं,
खांद्याच्या खळगीवर ठेवून तळहातानं ठोसा द्यावा,
गोटी आत पडावी
आणि एकदाच सगळं
चीं करून निघून जावं.

तसं झालं नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना
उजवा हात वर गेला, आणि गेलाच.
फोडून कट्ट्यावर विसरलेली बाटली
कधी शिळी झाली, कुणाला कळतं?

घरी सोडताना कागद दिला.
शमशादनं वाचला. थांबली. परत वाचला.
चालणं रोज. घास चावून चावून.
सोडा, कोल्ड्रिंक: कायमचं बंद.
ती हसली आधी.
मग माझ्याकडं बघून
कागदाची घडी घालत राहिली,
लहान, अजून लहान.

आता दुकानात तौफिक भरतो.
पहिली बाटली माझ्यासमोर धरतो, सवयीनं,
मग जीभ चावतो.
दे इकडं, म्हणतो मी,
आणि बाटली कानाला लावतो.
आत बारीक, घाईत काहीतरी
वर येत असतं.

दाब, म्हणतो, जरा कमी ठेव.