सीलिंगच्या वर

अंबडच्या कारखान्यात बोर्डरूमचं फॉल्स सीलिंग उघडून
मी अर्धा आत, अर्धा शिडीवर.
स्पीकर गुणगुणतोय. खालून साहेब विचारतात,
अजून किती?
अर्थिंगचा घोळ तुमचाच आहे, हे सांगत नाही.

टॉर्च फिरवतो तर
अकरा वर्षांपूर्वीची एक केबल,
तिच्या चिकटपट्टीवर बॉलपेनची तिरकी अक्षरं:
‘ही काढू नये. खैरनार.’

ज्यानं मला सोल्डरिंग शिकवलं,
बोट भाजल्यावर आधी हसला,
आणि गेल्या पोळ्यानंतर
ज्याच्या दशक्रियेला रामकुंडावर
माईक मीच लावला.
एकदाही शिट्टी वाजू दिली नाही.

केबल कुठेच जात नाही.
तरी तिला नवा टाय मारतो,
टाइल बसवतो, खाली उतरतो.
हॅलो, चेक. एक, दोन.

गुणगुण आहे अजून. थोडी.