पेटी एकशे बारा

हिंगणा रोडला, टायरच्या गोदामामागे
पत्र्याच्या शेडमध्ये समुद्राचा तळ ठेवलाय.
तीन हजार सहाशे पेट्या.
पेटीत पाच खाचा, खाचेत एकेक मीटर दगड,
मनगटाच्या जाडीचा, गोल कापलेला.
झीरो माइलपासून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र गाठायला रात्रभर गाडी लागते.
म्हणूनच असेल, कुणा साहेबानं ठरवलं
की इथं काही गंजायचं नाही.

मी मे महिन्यात आले, नोंदी करायला.
सेहेचाळीस अंश. कूलरच्या वाळ्याला कुबट वास.
रुखमांगद पराते पेट्या काढून द्यायचे,
एका हातात बादली, दुसऱ्यात जुन्या धोतराची चिंधी.
कोरडा दगड काही सांगत नाही.
ओली चिंधी फिरली की पट्टे उमटतात:
तळाशी भरड वाळू, वर बारीक, त्याहून बारीक,
शेवटी काळी चिकणमाती, नखाएवढी.
की पुन्हा भरड.

"काठ आहेत जी," पराते म्हणाले.
तांडापेठेत वीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
"विणणारा एकच दिसते. पण रोज कामावर येत नसंल."

रोज नाही, मी म्हटलं. शेकडो वर्षांतून कधी.
उताराच्या कडेला गाळ साचत राहतो, साचत राहतो,
मग एका रात्री (रात्रच म्हणायची, तिथं दुसरं काही नसतं)
कडा सुटते
आणि पाण्याखालच्या दरीतून चिखलाचा लोंढा
दरीलाच सोलत खाली धावतो.
जड कण आधी बसतात.
हलके कितीतरी दिवस तरंगतात,
घरी परतायला नको असल्यासारखे.

वाळू की माती, हे दाताखाली धरून कळतं.
कॉलेजात शिकले, चारचौघांत करत नाही.
परात्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले,
वरणात खडा लागला की मिटतात तसे.
"कचकच आहे थोडी."
मग बराच वेळानं,
"खारट नाही जी."

गोदावरीच्या मुखापुढची विहीर होती ती.
आपली नाग नदी, सांडपाण्यासकट, कन्हानला मिळते,
कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेत,
प्राणहिता गोदावरीत.
तेव्हा ही माती इथलीच असेल, मी सांगून टाकलं,
गेलेली, परत आणलेली.
खरं तर दोन कोटी वर्षांपूर्वी
कन्हान होती का, कुठून वाहायची,
मला ठाऊक नाही.

पेटी एकशे बारा.
दोन दगडांच्या मध्ये दोन बोटं रुंद लाकडी ठोकळा.
२१४० ते २१४६: गाभा मिळाला नाही.
खालचा दगड म्हातारा. वरचा
चाळीस लाख वर्षांनी धाकटा, घाईघाईनं ओतलेला,
खालच्याचेच तुकडे पोटात घेऊन.
इथं दरी होती, मी वहीत लिहिलं.
दरी दगडात सापडत नसते.
सापडतात तिचे काठ,
आणि ती बुजवायला नंतर जे आलं ते.

दुपारी लाइट गेली. टेबलावर मस्टर होतं, चाळलं.
रोज निळ्या शाईत पूर्ण नाव, रुखमांगद महादेव पराते,
र ला वेलांटीसारखा झोक.
मग दीड पान कोरं.
मग पुन्हा रोज, पण नुसतं "प".
वानखेडे बाबू सांगायला खुर्ची ओढून बसले.
नंतर, म्हटलं. नंतर सांगा.

ठोकळ्याला वाळवी लागली होती.
परात्यांनी फळीतून नवा कापला, घासला,
मार्करनं आकडे लिहिले, जुन्यावर होते तसे.
"सहा मीटर गेले, अन् ठोकळा एवढासाच काहून ठेवतेत जी?"
पेटीत तेवढीच जागा असते.
"हो," म्हणाले. "तेवढीच असते."

खाचेत बसवला. झाकण लावण्याआधी
सवयीनं की कशानं,
चिंधी भिजवून ठोकळ्यावरूनही फिरवली.
लाकूड जरा काळवंडलं, बाकी काही नाही.
त्यांनी पुन्हा फिरवली.