वाऱ्याला नमस्कार

पोयांगच्या काठी म्हातारा च्यू
अजून त्यांना नदीतली डुकरंच म्हणतो.
जाळं सरकारजमा झालं, स्वतःची होडी मोडीत निघाली;
आता केशरी जाकीट घालून
दिवसभर सरोवर चाळतो: पाठी किती, पिल्लं किती.
वादळाआधी ती वाऱ्याकडे तोंड करून वर यायची,
नमस्कार घातल्यासारखी.
आम्ही मुकाट नांगर टाकायचो, तो सांगतो.

लेक सूझन वूहानच्या हौदाशी.
पहाटे मासळी तोलते,
पाण्याखालच्या माईकमधली टकटक ऐकते,
वहीत लिहिते:
मादी सात, श्वास बत्तीस सेकंदांनी, भूक बरी.

इथे छप्पर आहे. वारा नाही.

काल मात्र सात नंबर
एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा वर येत राहिली,
एकाच भिंतीकडे तोंड करून.
सूझननं पाण्याचा नमुना घेतला, पंप तपासला,
शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला
आणि न राहवून बापाला फोन लावला.

"भिंत कुठल्या अंगाला?"
"ईशान्येला."

बराच वेळ नुसती वाळूच्या बोटींची घरघर.
मग तो म्हणाला,
"थांब जरा. गस्तीची होडी
नीट बांधून येतो."